‘ण’ बाणाचा, पण बाणात कुठे? अक्षरांच्या चित्रपुस्तकांचं काय करायचं

एका आईने विचारलंय: लेक साडेचार वर्षांची आहे. आजीने अंकलिपी पाठ करून घेतलीय. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत पोरगी न अडखळता म्हणते, पण दुकानाच्या पाटीवरचा ‘न’ दाखवला तर गप्प. घरात मजेशीर चित्रांची तीन अक्षरपुस्तकं आहेत, त्यातलं एक इंग्रजी. ती चाळते, खिदळते, ‘पण शिकत काहीच नाही’. या पुस्तकांचा खरंच उपयोग होतो का, की सरळ पाटी-पेन्सिल देऊन बसवावं? शिवाय बालवर्गातून रोज एक पान अक्षर गिरवून आणायला सांगतात, त्याचं काय?

बावीस वर्षं बालवाडी चालवतेय, हा प्रश्न दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. पुस्तकं उपयोगी आहेत, भरपूर. पाटी-पेन्सिल सध्या माळ्यावर राहू द्या. मात्र अक्षरपुस्तकाकडून आपण अपेक्षा चुकीची करतो. ते अक्षर शिकवेल असं आपल्याला वाटतं, आणि त्याला येतं ते शब्दांशी खेळायला. अक्षर त्या खेळातून मागाहून येतं.

माझ्याकडचा एक मुलगा आठवतो. मी ‘ण बाणाचा’चं पान उघडून विचारलं, ‘‘यात ण कुठाय रे?’’ त्याने नीट विचार केला आणि चित्रातल्या बाणाच्या टोकावर बोट ठेवलं. मला हसू आलं, पण चुकलं होतं ते पुस्तक. ‘बाणाचा’ म्हणजे बाणाच्या मालकीचा. दादाचा सदरा, ताईची वेणी, तसा बाणाचा ण. मग तो बाणातच कुठेतरी असणार ना! ‘बाण’ या शब्दाच्या शेवटी जो आवाज येतो तो ण, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. शब्द हा आवाजांचा बनलेला असतो आणि ते आवाज सुटे करता येतात, हे चार वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. तुमच्या लेकीचं नेमकं इथेच अडलंय. तिला कविता पाठ आहे, पण कवितेतला ‘न’ आणि पाटीवरचा ‘न’ यांचं नातं तिला अजून सापडलेलं नाही.

त्या ‘चा-ची’ने आणखी एक घोळ होतो, तो मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. ‘म मक्याचा’ म्हणताना मका हा शब्द मुलाच्या कानावर पडतच नाही, पडतं ‘मक्या’. एडक्याचं तेच. आणि ‘ऊ उसाचा’ तर कमालच आहे. दीर्घ ऊ शिकवायला ऊस निवडला आणि ‘चा’ लावताच आपल्याच शुद्धलेखनाच्या नियमाने तो ऱ्हस्व झाला. म्हणून पहिला बदल हा करा: पान उघडलं की अक्षर उच्चारायचंच नाही. चित्रावर बोट ठेवून शब्द म्हणायचा, ‘मका’. मग किंचित लांबवून, ‘म्‌म्‌मका’. मग, ‘‘मका म्हणताना ओठ काय करतात गं?’’ ओठ मिटतात. ‘‘अजून कशाला मिटतात?’’ मामाला, मांजरीला, मोबाइलला. इतकं झालं की मग छापलेल्या म वर बोट नेऊन सांगायचं, ‘‘आणि तो आवाज असा लिहितात.’’ शब्द आधी, आवाज मग, अक्षर शेवटी. अंकलिपीचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो.

आता चित्रांविषयी. पुस्तकातला मजकूर हाताने झाकून मुलाला फक्त ‘हे काय?’ विचारत जा, आणि काय येतं ते ऐका. एडक्याला मुलं शेळी म्हणतात, ऐरणीला हातोडी, यज्ञाला शेकोटी, थव्याला पक्षी, ठशाला बोट. माझ्या वर्गात ‘ठ’ कित्येक वर्षं बोटाचा होता. ‘ई’च्या ईडलिंबाबद्दल तर बोलायलाच नको, ते फळ मी स्वतः फार उशिरा पाहिलं, तोवर ते मोठं लिंबूच समजत होते. मुलाने चित्राला भलतंच नाव दिलं की अक्षराचा दुवा तुटतो, हे खरं. पण म्हणून ‘नाही, चूक’ म्हणू नका. ‘‘शेळीसारखाच दिसतो ना! हा मेंढीचा नवरा, याला एडका म्हणतात. बघ, शिंगं कशी गोल वळलीत.’’ अक्षर गेलं तर जाऊ द्या, शब्द मिळाला. त्या वयात एक नवा शब्द एका अक्षरापेक्षा मोलाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे वाचताना मूल अक्षरं जोडून ‘एडका’ म्हणेल आणि तो काय ते माहीत नसेल, तर त्या वाचनाला काय अर्थ?

आता टाळ्यांचा खेळ. पुस्तकातल्या कुठल्याही चित्राचं नाव म्हणत टाळ्या वाजवायच्या. म-का, दोन टाळ्या. के-ळी, दोन. अ-न-नस, तीन. थांबा, अननसमध्ये अक्षरं तर चार आहेत! आपण बोलताना शेवटचा स पूर्ण उच्चारत नाही, तो आधीच्या न ला चिकटतो. गवतात अक्षरं तीन आणि टाळ्या दोन: ग-वत. बाण तर एकाच टाळीत संपतो. म्हणजे आपल्या परंपरेने पहिल्याच पानावर जो शब्द ठेवलाय, त्यात कान एक सांगतो आणि डोळा दुसरंच. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण लिहिलेलं पाहूनच ऐकायला लागलेलो असतो. कानाने खेळायला अननस उत्तम आहे, टाळ्या वाजवायला मजा येते. पण लिहिलेला शब्द पहिल्यांदा दाखवाल तेव्हा जिथे टाळ्या आणि अक्षरं जुळतात तो दाखवा: मामा, मका, माती, केळी, काकू.

आवाज हेरायला आपल्या भाषेसारखी सोय नाही. ठक ठक, ढम ढम, टप टप, धप्प, भुर्र, खळखळ, छुम छुम. ‘ठ’साठी ठसा घेऊन बसण्यापेक्षा दारावर ठक ठक करा. एका पोराने माझ्याकडे ‘ठ’च्या पानावर हिरवी मिरची काढली होती. विचारलं तर म्हणाला, ‘‘ठेचा!’’ अंकलिपीवाल्यांना हे सुचलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ‘ट’ आणि ‘ठ’ ऐकताना मुलं हमखास गोंधळतात, तेव्हा तळहात तोंडासमोर धरायला लावायचा. टक टक म्हटलं तर हाताला फारसं काही लागत नाही, ठक ठकला वारा लागतो. क-ख, प-फ, त-थ, सगळ्या जोड्या अशाच. मुलं दिवसभर एकमेकांच्या हातावर फुंकत हिंडतात, थोडी थुंकीही उडते, चालायचंच.

ही युक्ती फार जुनी आहे. कोमेनियस नावाच्या चेक शिक्षकाने 1658मध्ये मुलांसाठी छापलेल्या चित्रपुस्तकाची सुरुवातच अशी केली होती. कावळा ओरडतो त्याच्या ओरडण्यासमोर एक अक्षर, कोकरू बें बें करतं त्यासमोर दुसरं, वारा वाहतो, तान्हं मूल रडतं, त्यांची आणखी. तिथे अक्षर म्हणजे कुणीतरी काढलेला आवाज होता. साडेतीनशे वर्षांनंतर आपण ‘ष षटकोनाचा’ घोकून घेतो. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात षटकोन कधी येतो?

मजेशीर पुस्तकांचा खरा कस लागतो तो वाह्यात वाक्यांत. तुमच्या पुस्तकांत अशी वाक्यं असतील तर उत्तम, नसतील तर तुम्हीच रचा. माझं एक लाडकं वाक्य आहे: ‘मगरीने मावशीच्या मिशीला मध लावला.’ पहिला आक्षेप ठरलेला: ‘‘मावशीला मिशी नसते!’’ त्यावर पाच मिनिटं वाद. मग मगरीला हात असतात का. मग मध चिकटल्यावर मावशीने काय केलं. तोवर प्रत्येकाच्या तोंडी म म म बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी मुलंच वाक्यं आणतात, काही घरी सांगण्यासारखी नसतात.

पण हेच वाक्य कागदावर लिहून दाखवलं की आपल्या लिपीची गंमत कळते. मगर, मावशी, मिशी, मध: आवाज चारही वेळा म चाच. पण ‘मावशी’त म ला काना लागलाय आणि ‘मिशी’त तर म च्या आधीच वेलांटी येऊन उभी. मूल डावीकडून बघत येतं, त्याला म दिसण्याआधी हा आकडाच भेटतो. इंग्रजी अक्षरपुस्तकात ही अडचण येत नाही, तिथे शब्दाचं पहिलं अक्षर सुटंच उभं असतं. म्हणून इंग्रजी पुस्तकाचा साचा उचलून ‘म मिशीचा’ छापतात ते मला पटत नाही. पाहून ओळखायचं अक्षर ज्या शब्दात उघडं, बिनमात्रेचं येतं तोच शब्द तिथे हवा: मका, मगर, मध. मिशी बोलण्यापुरती ठेवा.

मात्रांना घाबरून त्या वर्षभर लांब ठेवायच्या, हेही नको. आपल्याकडे आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी असा शिरस्ता. हिशेब करा: 34 व्यंजनं गुणिले 12, म्हणजे 408 आकृत्या. त्या संपेपर्यंत मुलाला वाचायला मिळतं काय, तर ‘कमल नमन कर’. घरात असं कोण बोलतं? त्यापेक्षा तीन अक्षरं आणि एक काना घ्या. जाड पुठ्ठ्यावर म, क, न लिहा, प्रत्येकाच्या दोन-दोन चौकटी. काना म्हणून आइस्क्रीमच्या काड्या, दोन-तीन. क आणि न शेजारी ठेवून मध्ये काडी लावली: कान. तुमच्या लेकीला कान धरायला सांगा. आता दोन्ही पुठ्ठ्यांची जागा बदला, काडी मधल्या मध्येच राहू द्या: नाक! हे पहिल्यांदा घडतं तेव्हा मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात. तीच दोन अक्षरं, तीच काडी, आणि कानाचं नाक झालं. पुढे मान, काम, मका, मामा, काका, नाना. मध्येच तिने ‘नामा’ किंवा ‘कामाना’ असलं काहीतरी निरर्थक बनवलं तर थांबवू नका, तेही मोठ्याने वाचा आणि हसा. ती वाचतेय ना!

ण आणि ळ यांची गोष्ट वेगळी. मराठीत नेहमीच्या वापरातला एकही शब्द यांच्यापासून सुरू होत नाही, म्हणून पुस्तकवाल्यांना बाण आणि बाळ शोधावे लागतात. पण ही अडचण नसून खेळ आहे. लेकीबरोबर शब्दांच्या भेंड्या लावा, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. गूळ, तांदूळ, फळ, जांभूळ आलं की गाडी अडणारच. अडू द्या. ‘‘ळ पासून काय येतं बरं?’’ बराच वेळ डोकं खाजवून माझ्याकडची एक मुलगी म्हणाली, ‘‘ळ ला पुढे उभं राहायला आवडतच नाही.’’ व्याकरणाच्या पुस्तकात हे इतकं नेटकं मी वाचलेलं नाही. मग आम्ही नियम केला, ळ आला तर ल चालेल. ङ आणि ञ मात्र सध्या सोडून द्या, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

च, ज, झ या तिघांशी थोडं सांभाळून. चाक आणि चिमणी यांतला च सारखा नाही. चाकाला जीभ दातांमागे जाते, चिमणीला वर टाळूकडे. जाळं-जेवण, झाड-झेंडा यांतही तसंच. काही मुलं ‘चाक आणि चिमणी वेगळ्याने सुरू होतात’ असं ठामपणे सांगतात आणि मोठी माणसं त्यांना चूक ठरवतात. त्यांचा कान तुमच्यापेक्षा तयार आहे, शाबासकी द्या. ‘‘आवाज दोन, अक्षर एक’’ एवढं सांगितलं तरी पुरे.

नवं पुस्तक घ्यायला दुकानात गेलात तर मी काय बघते ते सांगते. एका पानावर गर्दी नको, पण चित्रात काहीतरी घडत असावं. नुसती छत्री काय कामाची, छत्री उलटी झालीय आणि आजोबा तिच्यामागे धावताहेत असं असेल तर त्यावर बोलता येतं. मग ल आणि श बघते. मराठी ल ला दोन पाकळ्या आणि खाली येणारा देठ असतो, श ला वर गाठ आणि देठ. बऱ्याच स्वस्त पुस्तकांत आणि मोबाइलवरही हिंदी वळणाची अक्षरं असतात आणि शाळेत दुसरीच, मुलाने का गोंधळू नये? काही तर हिंदी पुस्तकंच नावं बदलून छापलेली असतात, मग ‘ख’ला ससा आणि खाली खरगोश. अशी मी दुकानातच ठेवून येते. ॲ आणि ऑ राज्य शासनाने 2009मध्ये वर्णमालेत घेतले, त्यामुळे नव्या पुस्तकांत ते दिसतील. जुन्यात नसले तर नसू देत. तीन पुस्तकं तुमच्याकडे आहेत ती भरपूर झाली, आणखी नकोत.

चौथं मात्र घरी करा, माझा खरा भर त्यावरच आहे. ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, तेव्हा विकतची साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, पानं, बिया, खडे, आसपास जे मिळेल त्यातून त्यांनी शिक्षणाची साधनं केली. काटकसर हे एक कारण. पण मुलाच्या ओळखीची वस्तू हातात आली की ते बोलू लागतं, हेही होतंच. तुम्हीही पाठकोऱ्या लग्नपत्रिका घ्या, दोऱ्याने शिवा. क्रम ‘अ’पासून नको. पहिलं पान तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं, मग घरातल्या माणसांच्या नावांची. चित्रं तिने काढायची, रेघोट्या असल्या तरी. शब्द ती सांगेल तो. ‘ढ’ला ढोकळा आला तर ढोकळा, ‘प’ला पबजी आलं तरी मी हरकत घेत नाही. तुम्ही फक्त तिच्यासमोर, ती बघत असताना, तिने सांगितलेला शब्द चित्राखाली ठळक लिहायचा. बोललेला शब्द कागदावर उतरताना पाहणं हा निम्मा धडा आहे. पान आठवड्याला एक झालं तरी चालेल.

इंग्रजी पुस्तक राहू द्या, पण मराठीच्या बैठकीत नको. तिथे अक्षराचं नाव ‘ए’ आणि ॲपलमधला आवाज ‘ॲ’. आपल्याकडे जे नाव तोच आवाज. एकाच वेळी दोन्ही समोर आले की ‘ए’ एडक्याचा की ॲपलचा, हा प्रश्न मुलाला पडणारच.

वेळ किती? दहा मिनिटं, तीही ती पुस्तक घेऊन आली तर. एकाच पानावर आठ दिवस अडकली तरी चालेल, एखादं पान कायमचं टाळलं तरी चालेल. आणि हो, ‘हे कोणतं अक्षर?’ ही परीक्षा रोज घेऊ नका. पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही.

गिरवण्याच्या पानाबद्दल: साडेचार वर्षांच्या बोटांत तेवढी ताकद नसते. ओळीत बसणारी दोनशे अक्षरं काढायला लावली की हात दुखतो आणि अक्षराशी वैर जडतं. बाईंना जाऊन शांतपणे भेटा. बहुतेक वेळा त्यांच्यावरही वरून दबाव असतो, एका ओळीवर त्या तयार होतात. घरी ओल्या बोटाने फरशीवर, परातीतल्या रव्यात, अंगणात खडूने मोठ्ठं काढू द्या. ते पुसलं जातं म्हणून मुलं बिनधास्त काढतात.

राहिल्या आजी. त्यांची अंकलिपी बंद करायला सांगू नका, दुखावतील, आणि त्यांच्यामुळेच पोरीला ताल आलाय. उलट पुढच्या वेळी ‘ए’चं पान निघालं की आजींनाच विचारा, त्यांच्या गावी एडके होते का, त्यांची टक्कर कधी पाहिली का. उखळ आणि औताच्या पानावरही हेच विचारा. मग तुम्ही चहा ठेवा आणि मागे बसून ऐका, आजी पान उलटायचं विसरतात की नाही ते बघा.